आधी जोडी की आधी तोड? अर्धसूत्री विभाजन, कायझ्मा आणि कांद्याच्या कळीची स्लाइड

मोहर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

बी.एस्सी.च्या वर्गात अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं, प्रजननासाठीचं पेशीविभाजन) शिकवताना मुलं तीन जागी हमखास अडवतात. जाणकारांनी नेमकं सांगावं.

1) पुस्तकातला क्रम असा (लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन, डिप्लोटीन, डायकायनेसिस या प्रोफेज-1 या पहिल्या टप्प्यातल्या ओळीने येणाऱ्या अवस्था): झायगोटीनमध्ये समजात (आईकडून आणि बापाकडून आलेल्या एकाच नंबरच्या) गुणसूत्रांची जोडी लागते, पॅकिटीनमध्ये तुकड्यांची अदलाबदल (क्रॉसओव्हर) होते, डिप्लोटीनमध्ये कायझ्मा (अदलाबदलीच्या जागी दिसणाऱ्या फुल्या) दिसतात. मग जोडी लागायच्या आधी आईकडून आलेलं 5 नंबरचं गुणसूत्र बापाकडून आलेलं 5 नंबरचं ओळखतं कसं? सिनॅप्टोनिमल कॉम्प्लेक्स (जोडीतल्या दोन गुणसूत्रांना शिवणारी चौकट) ओळखतं म्हणावं, तर ते प्रथिनांचं. त्याला डीएनएची अक्षरं कुठे वाचता येतात?

2) कांद्याच्या कळ्यांची स्लाइड केली की एक तर काळपट गुंता दिसतो, नाहीतर थेट चौकड्या (एका पेशीतून झालेल्या चार-चार पेशी) आणि परागकण. मधल्या अवस्था जातात कुठे?

3) कायझ्मा मोजून जनुकीय नकाशाची लांबी काढायची, तर एका कायझ्माचे किती सेंटीमॉर्गन (नकाशाचं एकक, 1 टक्का पुनःसंयोजन म्हणजे 1) धरायचे? काही मुलं 100 धरतात. चूक आहे हे कळतं, पण का चूक ते दोन वाक्यांत सांगता येत नाही.

---

पेशीवाचक

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

पुस्तकातला क्रम हा सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतं त्याचा आहे. डीएनएच्या पातळीवर सुरुवात त्याच्याही आधी होते, आणि ती तोडीने होते. लेप्टोटीनमध्येच एसपीओ-11 नावाचं प्रथिन डीएनएचे दोन्ही धागे तोडतं. हा अपघात नाही, पेशी स्वतःच हे घडवून आणते. उंदराच्या एका पेशीत अशा दोनशे ते तीनशे तोडी होतात आणि त्यातून शेवटी क्रॉसओव्हर बनतात वीस-पंचवीस. मक्यात तोडी पाचशेच्या आसपास आणि क्रॉसओव्हर वीसेक. एवढा मोठा फरक आहे, कारण बहुतेक तोडींचं काम अदलाबदल हे नसून जोडीदार शोधणं हे आहे.

तोड झाल्यावर दोन्ही टोकांकडून 5-प्राइम बाजूचा धागा कुरतडला जातो आणि 3-प्राइम बाजूचा एकेरी धागा मोकळा लोंबकळतो. त्यावर रॅड-51 आणि डीएमसी-1 ही प्रथिनं ओळीने बसतात. हा प्रथिनं चढवलेला धागा दिसेल त्या दुहेरी डीएनएत घुसून अक्षरं जुळतात का ते चाचपतो. जुळली नाहीत की सुटतो आणि पुढे जातो, जुळली तर टिकतो. ओळख म्हणतात ती हीच: ए समोर टी आणि जी समोर सी.

इथे एक शंका हुशार मुलगा काढतोच. शेजारीच हुबेहूब जुळणारं सिस्टर क्रोमॅटिड (त्याच गुणसूत्राची दुसरी प्रत) असताना हा धागा लांबच्या समजात गुणसूत्राकडे का जातो? कायिक (शरीराच्या साध्या) पेशीत तो खरोखरच सिस्टरकडे जातो. अर्धसूत्री विभाजनात मात्र गुणसूत्राच्या अक्षावरची प्रथिनं (यीस्टमध्ये हॉप-1, रेड-1 आणि मेक-1 हे कायनेज) सिस्टरकडची वाट अडवून धरतात. यीस्टमधून मेक-1 काढून टाकलं की तोडी सिस्टरवरूनच दुरुस्त होतात आणि क्रॉसओव्हर घटतात.

दुसरी शंका अंतराची. केंद्रकाच्या एवढ्या पसाऱ्यात ही दोन गुणसूत्रं जवळ येतात कशी? त्यासाठी सगळ्या गुणसूत्रांची टोकं केंद्रकाच्या आवरणाला आतून चिकटतात आणि एका बाजूला गोळा होतात. फुलांच्या गुच्छासारखं दिसतं म्हणून त्याला 'बुके' अवस्था म्हणतात. आवरणातून आरपार जाणाऱ्या प्रथिनांच्या पुलामार्फत बाहेरचा पेशीसांगाडा ही टोकं ओढत फिरवतो. या ओढाताणीचे दोन उपयोग आहेत: जोडीदार एकमेकांच्या आवाक्यात येतात, आणि चुकीच्या जागी लागलेल्या सैल जुळण्या झटकल्या जातात.

आता सिनॅप्टोनिमल कॉम्प्लेक्स. ते सर्वांत शेवटी येतं. धागे घुसल्यामुळे दोन अक्ष आधी सुमारे 400 नॅनोमीटरवर समांतर येतात. मग कॉम्प्लेक्सचा मधला भाग चेनसारखा बंद होत जातो आणि अंतर 100 नॅनोमीटरच्या आसपास येतं. म्हणजे ओळख पटवणारा वेगळाच, हे नुसतं शिवण घालतं. त्याला अक्षरं वाचता येत नाहीत हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे, आणि पुरावाही आहे: अगुणित (हॅप्लॉइड) वनस्पतींत जोडीदारच नसतो, तरी हे कॉम्प्लेक्स असंबंधित गुणसूत्रांना एकमेकांशी बिनदिक्कत शिवून टाकतं.

घुसलेल्या धाग्यांपैकी बहुतेक थोडी नक्कल करून मागे फिरतात आणि मूळ टोकाला जुळतात. त्यात अदलाबदल होत नाही. फार तर काहीशे अक्षरांचा तुकडा एकतर्फी बदलतो, त्याला जीन कन्व्हर्जन म्हणतात. थोड्याच जागा एमएसएच-4 आणि एमएसएच-5 धरून ठेवतात. तिथे दुहेरी हॉलिडे जंक्शन (दोन डीएनएंचे धागे एकमेकांत अडकलेला सांधा) बनतं, ते एमएलएच-1 व एमएलएच-3 अशा बाजूने कापतात की क्रॉसओव्हरच बनावा. माणसाच्या शुक्रपेशी घडताना पॅकिटीनमध्ये एमएलएच-1 चे चमकते ठिपके मोजले तर एका पेशीत पन्नासच्या आसपास भरतात.

शेवटचं म्हणजे, 'अदलाबदल कशासाठी' याचं उत्तर फक्त 'विविधतेसाठी' असं देऊन सोडू नका. पेशीला ती त्याच क्षणी, यांत्रिक कारणासाठी लागते. मेटाफेज-1 मध्ये (गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर रांगेत येतात तेव्हा) दोन समजात गुणसूत्रांवर दोन्ही ध्रुवांकडून ताण यायला हवा. ताण आला तरच जोडणी बरोबर झाल्याचं पेशीला कळतं. तोवर सिनॅप्टोनिमल कॉम्प्लेक्स विरघळून गेलेलं असतं. मग जोडी धरून कोण ठेवतं? कायझ्मा, आणि कायझ्माच्या पलीकडे टोकाकडच्या भागात सिस्टर क्रोमॅटिड्सना बांधणारं कोहेसिन. नुसता कायझ्मा गाठीसारखा धरत नाही. पलीकडचं कोहेसिन गेलं तर तो घसरून सुटेल. ॲनाफेज-1 मध्ये (जोडीदार दोन ध्रुवांकडे जातात तेव्हा) सेपरेज हे विकर भुजांवरचं कोहेसिन तोडतं म्हणून जोडी सुटते. सेंट्रोमिअरजवळचं (ध्रुवाकडचे दोर गुणसूत्राला जिथे धरतात तिथलं) कोहेसिन शुगोशिन हे प्रथिन राखून ठेवतं, म्हणून सिस्टर दुसऱ्या विभाजनापर्यंत एकत्र राहतात.

बाईच्या अंडपेशी जन्माआधीच अदलाबदल उरकून डिप्लोटीनला थांबतात आणि अंडोत्सर्गापर्यंत तशाच राहतात. काही थेट चाळीस वर्षं. तेवढा काळ तेच जुनं कोहेसिन तग धरून असतं, ते झिजत जातं. आईच्या वयाबरोबर डाउन सिंड्रोमचं प्रमाण वाढतं, त्यामागचं हे एक मोठं कारण. दुसरं म्हणजे 21 व्या गुणसूत्रावर क्रॉसओव्हर झालाच नाही, किंवा अगदी टोकाला नाहीतर सेंट्रोमिअरला खेटून झाला, तर पकड मुळातच कच्ची राहते.

---

स्लाइडवाला

प्रश्न 2. मधल्या अवस्था कुठेच जात नाहीत, स्लाइडवरच असतात; त्या ओळखू येत नाहीत, किंवा कळी चुकीच्या वयाची असते.

कांद्यात 20 अंश तापमानाला पूर्ण अर्धसूत्री विभाजनाला चारेक दिवस लागतात आणि त्यातला बराच मोठा भाग प्रोफेज-1 खातो. तुम्हाला दिसणारा 'काळपट गुंता' म्हणजे लेप्टोटीन ते पॅकिटीन. कांद्याचा जीनोम अवाढव्य आहे, 16 अब्ज अक्षरांच्या घरात. एवढे लांब धागे एका केंद्रकात, त्यामुळे पॅकिटीनचे धागे सुटे करणं कांद्यात जवळजवळ होत नाही. पॅकिटीन दाखवायचं असेल तर मक्याचा तुरा घ्या. कांद्यात डायकायनेसिस आणि मेटाफेज-1 वर लक्ष ठेवा.

कळ्या. बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याचे गोंडे घ्या. पातळ आवरण नुकतं फाटत असताना तोडायचे. एका गोंड्यात सगळ्या वयाच्या कळ्या असतात, हा फायदा. उमललेली फुलं सोडून द्या. ती परागकणांच्या अवस्थेला गेलेली असतात, आणि नेमक्या त्याच मोठ्या, हाताळायला सोप्या कळ्या मुलं उचलतात. साधारण 2 ते 4 मिलिमीटरच्या कळ्या आकाराप्रमाणे तीन ढिगांत वेगळ्या करा. परागकोश पिवळा किंवा हिरवट अपारदर्शक झाला असेल तर उशीर झाला. पाणेरी, अर्धपारदर्शक हवा.

स्थिरीकरण. निर्जल अल्कोहोल 3 भाग, ग्लेशियल ॲसेटिक आम्ल 1 भाग. ऐन वेळी मिसळा. आदल्या आठवड्यात करून ठेवलेल्या मिश्रणात अल्कोहोल आणि आम्ल यांचं एस्टर बनत जातं आणि रंग नीट धरत नाही. कळ्यांच्या किमान दहापट द्रावण, 24 तास, मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजमध्ये. गोंडा तोडून घरी आणून संध्याकाळी बुडवू नका. तोडल्याजागीच बाटलीत टाका.

रंग. 45 मिलि ग्लेशियल ॲसेटिक आम्ल, 55 मिलि पाणी, 1 ग्रॅम कार्माइन. मंद उकळा (धूर नाकात जाऊ देऊ नका, फ्यूम हूडखालीच करा), थंड करून गाळा. लोखंडाचा अंश लागतो, पण अंशच. परागकोश रंगात फोडताना गंजकी सुई वापरली तरी पुरतं. फेरिक क्लोराइडचे थेंब ओतले की पेशीद्रव्यही काळं होतं, आणि मग तो तुमचा 'काळपट गुंता'.

स्लाइड. एका कळीत सहा परागकोश असतात आणि ते जवळपास एकाच अवस्थेत असतात. म्हणून आधी एकच काढून बघा. अवस्था हवी ती असेल तर उरलेल्या पाचांच्या चांगल्या स्लाइड करा, नसेल तर पुढची कळी. परागकोशाचं टोक कापून आतला माल दाबून बाहेर काढा आणि भिंतीचे सगळे तुकडे चिमट्याने उचलून टाका. ही पायरी गाळली की कव्हरस्लिप टेकत नाही आणि पेशी पसरत नाहीत. कव्हरस्लिप ठेवल्यावर स्पिरिटच्या दिव्यावरून दोन-तीनदा फिरवा. हाताच्या मागच्या बाजूला सोसेल इतपतच गरम, बुडबुडे येता कामा नयेत. मग टिपकागदाखाली अंगठ्याने सरळ खाली दाब. कव्हरस्लिप तसूभरही सरकली तर पेशी लाटल्या जातात.

---

मोहर

स्लाइडवाले, खूप आभार. एक राहिलं. काही पेशींत 8 जोड्यांऐवजी 16 सुटे तुकडे दिसतात. म्हणजे जोडीच लागली नाही असं समजायचं का?

---

स्लाइडवाला

लगेच तसं म्हणू नका. आधी तीन गोष्टी वगळा.

पहिली, ती पेशी परागकोशाच्या भिंतीची किंवा टॅपिटमची (पराग पोसणाऱ्या आतल्या थराची) असेल. तिथे साधं सूत्री विभाजन चालतं आणि 16 गुणसूत्रं दिसणारच. ती लांब, सडपातळ दिसतात. मेटाफेज-1 चे बायव्हॅलंट (जोडी लागलेली दोन गुणसूत्रं) आखूड, जाडजूड, कडी किंवा फुलीच्या आकाराचे असतात. परागमातृपेशी (जिच्यात अर्धसूत्री विभाजन होतं ती) स्वतः गोलसर, मोठी आणि जाड भिंतीची असते.

दुसरी, ॲनाफेज-1 ची सुरुवात. 8 आणि 8 असे दोन गट दिसतात, आणि प्रत्येकाची सिस्टर क्रोमॅटिड्स फाकलेली, म्हणून भुजा सुट्या दिसतात.

तिसरी, दुसरं विभाजन. कांदा एकदल, पहिल्या विभाजनानंतर लगेच भिंत येते. त्यामुळे दोन चिकटलेल्या अर्ध्या पेशींत 8-8 दिसतील.

हे तिन्ही नसेल, परागमातृपेशीच असेल आणि सुटी गुणसूत्रं विषुवरेषेबाहेर विखुरलेली असतील, तरच ती युनिव्हॅलंट (जोडीवाचून राहिलेली). तशा पेशींच्या पुढच्या अवस्थेत मागे रेंगाळणारी गुणसूत्रं आणि चौकडीत छोटी जादा केंद्रकं सापडायला हवीत. ती सापडली नाहीत तर तुमचं वाचन चुकलंय.

---

गणिती माशी

प्रश्न 3. एका कायझ्माचे 50 सेंटीमॉर्गन.

का, ते दोन वाक्यांत: बायव्हॅलंटमध्ये चार क्रोमॅटिड असतात आणि एका कायझ्मात त्यातली दोनच अदलाबदल करतात, म्हणून चार युग्मकांपैकी (प्रजनन पेशींपैकी) दोनच पुनःसंयोजित (अदलाबदल झालेली) होतात. चारातली दोन म्हणजे 50 टक्के.

नुसत्या आकड्यांचं उदाहरण: समजा 20 पेशी मोजल्या, प्रत्येकी 8 बायव्हॅलंट, म्हणजे एकूण 160. सगळे मिळून कायझ्मा 336 निघाले. एका बायव्हॅलंटला 2.1, एका पेशीला 16.8. नकाशाची एकूण लांबी 16.8 × 50 = 840 सेंटीमॉर्गन, सरासरी एका गुणसूत्राला 105. वर पेशीवाचकांनी पुरुषाचे पन्नासेक क्रॉसओव्हर लिहिले आहेत. तेच गणित लावलं की 2500 च्या आसपास येतं आणि कुटुंबांच्या अभ्यासातून काढलेली पुरुषांच्या नकाशाची लांबी साधारण तेवढीच आहे. बायकांची बरीच जास्त भरते.

पुढचा प्रश्न मुलं विचारतीलच: कायझ्मा दोन असले तर 100 टक्के का नाही? दोन जनुकांमध्ये दोन क्रॉसओव्हर झाले तर दुसरा कोणत्या दोन धाग्यांत होतो यावर सगळं अवलंबून. पहिल्याच दोन धाग्यांत झाला तर त्या दोन जनुकांपुरतं पुनःसंयोजन 0. एक धागा जुना आणि एक नवा असेल तर 50 टक्के. दोन्ही नवे असतील तर 100 टक्के. हे प्रकार 1:2:1 या प्रमाणात होतात, सरासरी पुन्हा 50. म्हणून दोन जनुकांमधलं पुनःसंयोजन 50 टक्क्यांच्या वर जात नाही. नकाशाची लांबी मात्र जाते, कारण ती जवळजवळच्या तुकड्यांची बेरीज असते. फळ्यावर चार रंगांच्या खडूंनी हे तिन्ही प्रकार काढून दाखवा, तोंडी सांगून कोणालाच कळत नाही.

मोजताना दोन सूचना. कडीचा बायव्हॅलंट म्हणजे किमान दोन कायझ्मा, दोन भुजांवर एकेक. दांडीसारखा म्हणजे एक. अगदी जवळजवळचे दोन एकच दिसू शकतात, पण ते क्वचित, कारण एक क्रॉसओव्हर झाला की शेजारी दुसरा होण्याची शक्यता कमी होते. यालाच इंटरफिअरन्स म्हणतात.

आणि जुन्या पुस्तकांतलं 'टर्मिनलायझेशन' आता शिकवू नका. कायझ्मा डिप्लोटीनपासून टोकाकडे घसरत जातो ही ती कल्पना. सिस्टर क्रोमॅटिड्स वेगवेगळ्या छटांत रंगवण्याची पद्धत आल्यावर 1978 मध्ये टोळांत थेट तपासलं गेलं: रंगाची छटा जिथे बदलते, म्हणजे प्रत्यक्ष अदलाबदलीची जागा, तिथेच कायझ्मा होता. तो घसरलेला नव्हता. यान्सेन्स यांनी 1909 मध्ये कायझ्मा म्हणजे तुटून उलट जोडल्याची खूण असं मांडलं होतं. ते बरोबर निघालं. खरोखर तुकडाच इकडचा तिकडे जातो याचा पुरावा 1931 चा, क्रेटन आणि मॅक्लिंटॉक यांचा. मक्याच्या नवव्या गुणसूत्राच्या एका टोकाला गाठ आणि दुसरीकडे आठव्याचा चिकटलेला तुकडा, अशा दोन्ही दिसणाऱ्या खुणा घेऊन त्यांनी दाखवलं की दाण्याचा रंग आणि मेणचटपणा यांची जोडी फुटते तेव्हा खुणांची जोडीही फुटते.

---

रानवाट

पेशीवाचकांचं 'आधी तोड' बहुतेकांना लागू आहे, पण सरसकट लिहू नये. फळमाशीची मादी आणि सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स हा सूत्रकृमी यांच्यात एसपीओ-11 काढून टाकलं तरी जोडी लागते आणि सिनॅप्टोनिमल कॉम्प्लेक्सही बनतं. फक्त क्रॉसओव्हर होत नाहीत आणि गुणसूत्रं चुकीची वाटली जातात. तिथे जोडी लागणं आणि तुटणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

अदलाबदलीवाचूनही काम भागवणारे आहेतच. फळमाशीच्या नरात क्रॉसओव्हर अजिबात नाही; इतर गुणसूत्रांच्या जोड्या खास प्रथिनं धरून ठेवतात, तर एक्स आणि वाय हे रायबोसोमच्या जनुकांजवळच्या 240 अक्षरांच्या पुनरावृत्तीवर एकमेकांना धरतात. रेशमाच्या किड्यात उलट, मादीत क्रॉसओव्हर नाही. तिथे सिनॅप्टोनिमल कॉम्प्लेक्सच बदललेल्या रूपात मेटाफेजपर्यंत टिकून जोडी धरतं. काहीतरी धरून ठेवावं लागतंच.

चुकीच्या जागी जोडी लागली तर काय होतं, हेही सांगा. एकसारखी जनुकं शेजारीशेजारी असली की एक घर चुकून जुळणी होते आणि क्रॉसओव्हरनंतर एका गुणसूत्रावर जनुक जास्त, दुसऱ्यावर कमी. एक्स गुणसूत्रावरची लाल आणि हिरवा रंग ओळखणारी जनुकं अशीच शेजारी आहेत. लाल-हिरवं रंगांधत्व बऱ्याचदा यातूनच येतं. अल्फा थॅलसेमिया या रक्ताच्या आजारातली 3.7 हजार अक्षरांची सुप्रसिद्ध गळतीही याच प्रकारची.

प्रात्यक्षिकासाठी दोन पर्याय सुचवतो, कांद्याचा हंगाम नसेल तेव्हा कामाचे.

ऱ्हिओ: वरून हिरवं, खालून जांभळं पान, वाफ्यांच्या कडेने लावतात ते. होडीसारख्या जांभळ्या आवरणात पांढऱ्या कळ्या दडलेल्या असतात, जवळजवळ बाराही महिने. गुणसूत्रं 12. पण सहा जोड्या दिसायच्या ऐवजी बाराही टोकाला टोक लावून एक कडं करतात, किंवा एखादा दुवा सुटून साखळी होते. कारण यात गुणसूत्रांच्या भुजांची आपसात अदलाबदल झालेली आहे. प्रत्येकाचं एक टोक एका शेजाऱ्याशी समजात आणि दुसरं टोक दुसऱ्याशी. जोडी गुणसूत्राची लागत नाही, क्रमाची लागते, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार! युग्मक निरोगी व्हायला कड्यातली गुणसूत्रं एकाआड एक दोन ध्रुवांना जावी लागतात. गेली नाहीत की पराग वांझ. उमललेल्या फुलाचे पराग त्याच कार्माइनमध्ये घेऊन मोजा: भरलेले लाल ते चांगले, रिकामे चुरगळलेले ते वांझ.

दुसरा, रुईवरचा रंगीत टोळ, नर. गुणसूत्रं 19: नऊ जोड्या आणि एकटा एक्स. वृषण पोटात पाठीच्या बाजूला, चरबीत गुरफटलेलं असतं. चरबी काढूनच त्याच 3:1 मिश्रणात टाका, नाहीतर सगळी स्लाइड तेलकट होते. डिप्लोटीनचे कायझ्मा कांद्यापेक्षा इथे कितीतरी स्वच्छ दिसतात. प्रोफेजमध्ये एक गडद गोळा वेगळा दिसेल, तो एक्स. मुलं त्याला केंद्रिका समजून सोडून देतात किंवा बायव्हॅलंट म्हणून मोजतात. मोजायचा नाही, त्याला जोडीदार नाही आणि त्याच्यावर कायझ्माही नाही.

---

मोहर

रुईचा टोळ कॉलेजच्या मागच्या माळावरच आहे. ऱ्हिओत साखळी दिसली तर सुटलेला दुवा धरून कायझ्मा 11 मोजायचे ना?

---

रानवाट

हो. पूर्ण कड्याला 12 जोड, एक साखळी असेल तर 11, दोन साखळ्या असतील तर 10. साखळ्या किती तेवढे बारातून वजा करा. किमान 25 पेशी घ्या, आणि कडं गुंडाळीत दुमडलेलं असेल तर ती पेशी सोडून द्या, अंदाजाने मोजू नका.